पोस्टमन्स पार्कमधली पडवी : ५४ पाट्या मराठीत आणतानाच्या नोंदी

१४ एप्रिल, रविवार

बाबांना लंडन दाखवायचं म्हणून मी लांबलचक यादी केली होती. त्यांनी नकाशा उलगडला आणि यादीत नसलेल्या एका नावावर बोट ठेवलं : पोस्टमन्स पार्क. छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस. सातारा जिल्ह्यात तीन ठिकाणी सब-पोस्टमास्तर होते. “टॉवर ब्रिज कुठं पळून जात नाही, आधी हे बघू,” म्हणाले.

सेंट पॉल्स स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटं. वाटेत किंग एडवर्ड स्ट्रीटवर रोलंड हिल यांचा पुतळा आहे. १८४० मध्ये एका पेनीत देशात कुठंही पत्र पोचवायची पद्धत सुरू झाली ती यांच्यामुळे. बाबा कानटोपी काढून मिनिटभर तिथं उभे राहिले.

बाग अगदी लहान. मूळ जागा सेंट बोटॉल्फ चर्चची दफनभूमी, १८८० मध्ये तिची सार्वजनिक बाग झाली. शेजारीच टपाल खात्याचं मुख्यालय होतं आणि तिथले कर्मचारी डबा खायला इथं येऊन बसत, त्यावरून हे नाव. बागेची जमीन रस्त्यापेक्षा उंच आहे. पुरायला जागा उरली नाही तेव्हा प्रेतं जमिनीवरच ठेवून वर माती लोटत गेले, म्हणून ही उंची. जुने थडग्यांचे दगड भिंतींना टेकवून उभे केले आहेत.

आणि एका कडेला ती. लाकडी खांब, उतरतं छप्पर, मागे भिंत, भिंतीलगत बसायला बाक. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे : वीरोचित आत्मत्यागाचं स्मारक. बाबा एवढंच म्हणाले, “ही तर आपली पडवी.” माझ्या वहीत आता तेच नाव राहणार.

भिंतीवर चिनी मातीच्या पाट्या आहेत. दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा गमावलेल्या साध्या माणसांच्या. सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, वळणदार. बाबांना ती एकेक लावावी लागत होती. मग मी वाचून मराठीत सांगायला लागले आणि तिसऱ्या पाटीपर्यंत माझीच मराठी अडखळायला लागली. परतताना ट्यूबमध्ये ठरवलं : सगळ्या पाट्या नीट मराठीत आणायच्या. आमच्या रविवारच्या वाचनगटात अशी कितीतरी आई-बाबा मंडळी सहा-सहा महिने येऊन राहतात. त्यांच्या हातात देता येईल अशी छोटी पुस्तिका करायची.

२० एप्रिल, शनिवार

मोजदाद. पडवी ५० फूट लांब, ९ फूट उंच. बाबांच्या पावलांनी वीस पावलं. वास्तुकार अर्नेस्ट जॉर्ज. ३० जुलै १९०० रोजी उघडली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. भिंतीवर १२० पाट्यांची सोय होती. उद्घाटनाच्या दिवशी लागल्या होत्या फक्त चार.

आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं. माझ्या ५२ भरल्या, बाबांच्या ५४. परत मोजलं, ५४ बरोबर. माझ्या दोन सुटल्या होत्या. टपालात मोजणी शिकलेल्या माणसाशी पैज लावू नये.

जवळून पाहिलं तर दोन हात दिसतात. पहिल्या २४ पाट्या विल्यम डी मॉर्गन यांच्या भट्टीतल्या. एकेक पाटी अनेक फरश्या जोडून केलेली. सांधा कधी ओळीच्या मधून, कधी शब्दाच्या पोटातून जातो. झिलईखाली निळा रंग किंचित फुटलेला आहे, शाई पसरावी तसा. बोट फिरवलं की सांध्याशी खरखरतं आणि पुन्हा गुळगुळीत. डी मॉर्गन यांनी मातीकाम सोडलं आणि १९०८ मध्ये पुढच्या २४ रॉयल डल्टनकडून आल्या. त्या जास्त एकसारख्या आणि जास्त कोरड्या आहेत. मला पहिल्या आवडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणखी पाच लागल्या, आणि शेवटची एक २००९ मध्ये.

बाकीची भिंत रिकामी.

२४ एप्रिल, बुधवार

आज मुद्दाम ऑफिस सुटल्यावर एकटीच गेले, कारण ॲलिस एअर्सच्या पाटीवर आजची तारीख आहे : २४ एप्रिल १८८५. बरोमधल्या युनियन स्ट्रीटवर तेल-रंगांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर ॲलिस आणि तिच्या बहिणीच्या मुली. तिनं गादी खिडकीतून खाली टाकली आणि एकेका मुलीला त्यावर सोडलं. शेवटी तिची पाळी आली तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. पाटीवर यातलं फारसं काही नाही. ती कोण, तर ‘गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी’; काय केलं, तर ‘निर्भय वागणुकीने’ जळत्या घरातून तीन मुलं वाचवली; आणि किंमत, ‘स्वतःचा कोवळा जीव’.

‘गवंड्याच्या हाताखालचा मजूर’ म्हणजे आपला बिगारी. मराठीत मी ‘बिगाऱ्याची मुलगी’ असंच लिहिणार. ‘बांधकाम कामगाराची कन्या’ लिहिलं की बिगारी गायब होतो, आणि पाटीला तर तोच दाखवायचा आहे.

४ मे, शनिवार

प्रस्तावनेसाठी टिपण. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे त्या काळचे नामांकित चित्रकार. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी टाइम्सला पत्र लिहिलं : उत्सव करायचा तर रोजच्या जगण्यात दुसऱ्यासाठी मेलेल्यांची नावं कुठंतरी कोरा. त्या पत्रात त्यांनी ॲलिसचाच दाखला दिला होता. कुणी मनावर घेतलं नाही. अकरा वर्षांनी सेंट बोटॉल्फचे पाद्री हेन्री गॅम्बल यांनी बागेत जागा देऊ केली. उद्घाटनाला वॉट्स आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, पत्नी मेरी आल्या. १९०४ मध्ये ते गेले, त्यानंतरचं काम मेरी वॉट्स यांनी पुढे नेलं.

सेनापतींचे पुतळे या शहरात पावलोपावली आहेत. एका चित्रकाराने तेरा वर्षं मागे लागून बिगाऱ्याच्या मुलीसाठी छप्पर उभं केलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

१८ मे, शनिवार

पंधरा पाट्यांचा कच्चा मसुदा झाला आणि गाडं रुतलं.

थॉमस ग्रिफिनची पाटी घेऊन बसले होते. फिटरच्या हाताखालचा कामगार. १२ एप्रिल १८९९, बॅटर्सीच्या साखर कारखान्यात बॉयलर फुटला. ‘आपल्या जोडीदाराला शोधायला तो परत आत गेला आणि भाजून मेला.’ वाक्य सरळ उतरलं, कानाला कुठं खटकलं नाही. मग डॉक्टर सॅम्युएल रॅबेथ यांची पाटी काढली. १८८४, घटसर्प झालेल्या मुलाला वाचवायच्या प्रयत्नात स्वतः दगावले. माझं वाक्य : ‘त्यांनी मुलाला वाचवण्यासाठी प्राण पणाला लावले.’

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला माझीच लाज वाटली. मजूर ‘तो’, डॉक्टर ‘ते’. एक ‘मेला’, दुसरे ‘प्राण पणाला लावले’. इंग्रजीत क्रियापदाला मानपान नसतो, त्यामुळे मूळ पाटीला हा प्रश्नच पडला नव्हता. मराठीत पहिल्याच क्रियापदापाशी ठरवावं लागतं की हा माणूस तुमच्यापुढे खुर्चीवर बसणार की उंबऱ्याशी उभा राहणार. आणि मी काही न ठरवता ठरवून टाकलं होतं.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही वाचले. म्हणाले, “मनीऑर्डर पाच रुपयांची असो नाहीतर पाचशेची, पोचपावती सारखीच असते. सगळ्यांना अहो-जाहो कर.”

“पोरांचं काय? आठ वर्षांचा हेन्री ब्रिस्टो आहे. बहिणीचे पेटलेले कपडे ओरबाडून काढताना स्वतः पेटला. नऊ वर्षांचा विल्यम फिशर आहे, दहा वर्षांचा हॅरी सिस्ली.”

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, पत्त्यावर लहान मुलाच्या नावाआधी ‘चि.’ लिहायची आपली रीत. चिरंजीव. यांना ते लावता येत नाही. आणि ‘कै.’ लावायला आपला हात उचलत नाही. “पोरांच्या नावापुढे काही लावू नकोस. नुसतं नाव. आणि त्यांना ‘तो’च म्हण. पोराला अहो म्हटलं की ते परकं होतं.”

नियम ठरला : मोठी माणसं सगळी ‘ते’ आणि ‘त्या’, मग धंदा कुठलाही असो. मुलं ‘तो’. पंधराही पाट्या पहिल्यापासून. वर ॲलिसबद्दल लिहिलेली माझी नोंदही आता वाचवत नाही, पण ती तशीच ठेवते. पुस्तिकेत : ‘त्यांनी तीन मुलं वाचवली.’

१ जून, शनिवार

शब्दांचा दिवस. बाबा खुशीत.

अर्नेस्ट बेनिंग, वय २२, यांचा धंदा छापखान्यात खिळे जुळवायचा. मी ‘अक्षरजुळणी करणारे’ लिहिलं होतं. बाबा म्हणाले, “जुळारी. आमच्या शेजारी एक जुळारी राहायचे, बोटं कायम शिशानं काळी.” १८८३ च्या ऑगस्टमधली अंधारी रात्र, पिम्लिको धक्क्याजवळ होडी उलटली. जुळारी बेनिंग एका हातानं वल्हं आणि दुसऱ्या हातानं एका बाईला धरून राहिले. ती वाचली तेव्हाच ते बुडाले. वल्हं धरलेल्या त्या हाताला आता काळी बोटं आली.

विल्यम ड्रेक, हाइड पार्क, १८६९. बग्गीची दांडी मोडली, घोडे आवरेनात. आतल्या बाईंना अपघातातून वाचवताना ते गेले. दांडी हा शब्द बाबांना टांग्यामुळे लगेच सुचला.

इन्स्पेक्टर फ्रेडरिक क्रॉफ्ट यांची पाटी अवघड. वूलिच आर्सेनल स्टेशनवर रुळांवर जीव द्यायला निघालेल्या एका बाईला त्यांनी वाचवलं आणि स्वतः गाडीखाली आले. पाटी त्या बाईला जो शब्द वापरते तो मराठीत थेट ‘वेडी’. १८७८ सालचा शब्द तसाच ठेवायचा, की आज कुणाला तो लागेल याचा विचार करायचा? ‘मनोरुग्ण’ दवाखान्याच्या फायलीतला वाटतो. ‘भान हरपलेली बाई’ लिहिलं. अनुवाद म्हणून थोडा सैल आहे, पण मला तो हवा आहे.

१ जुलै, सोमवार

आम्ही राहतो ईस्ट हॅममध्ये. एका पाटीवर आमच्याच भागाचं नाव आहे आणि तारीख आजची : १ जुलै १८९५. फ्रेडरिक मिल्स, ए. रटर, रॉबर्ट ड्युरंट, एफ. डी. जोन्स. मैलापाणी उपसण्याच्या केंद्रात एका सोबत्याला वाचवायची धडपड करताना चौघंही गेले.

ही पाटी समजावून सांगावी लागली नाही. एक खाली उतरला, वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी अजून येते, नावं तेवढी बदलतात. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी येते. बाबांनी चारही नावं मोठ्याने वाचली. संध्याकाळी म्हणाले, “आपल्याकडं आत उतरून गेलेल्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत?” मला एकही सांगता आली नाही.

इथं ‘कॉम्रेड’साठी ‘सोबती’ घेतला. ग्रिफिन यांच्या पाटीत ‘जोडीदार’ आहे, तो तसाच. दोन्हींत ‘सहकारी’ बसला असता, पण सहकाऱ्यासाठी कुणी गटारात उतरत नाही. सोबत्यासाठी उतरतात.

१६ जुलै, मंगळवार

सुट्टी टाकली होती, पाट्यांचे अंक तपासायला गेलो. एकच्या सुमाराला सरी कोसळल्या आणि हिरवळीवर डबा खात बसलेले सगळे पडवीत घुसले. सूट घातलेले, पिवळं जाकीट घातलेले, एक बाई बाबागाडीसकट. बाक गच्च. एकाचं डोकं बरोबर मेरी रॉजर्स यांच्या नावाला टेकलेलं. रॉजर्सबाई ‘स्टेला’ नावाच्या जहाजावर प्रवाशांची देखभाल करायला होत्या. जहाज बुडताना आपला जीवरक्षक पट्टा दुसऱ्याला देऊन स्वतः राहिल्या.

मला त्या माणसाला सांगावंसं वाटलं, जरा सरका. बाबांनी हात धरला. “पडवी आहे. पावसात माणसं बसणारच.”

त्यांचं बरोबर होतं. पुतळा बांधला असता तर पावसात कुणी जवळ आलं नसतं. छपरावर पाऊस वाजत होता, कडेच्या वाशावरून धार लागली होती, आणि वीस-पंचवीस माणसं या नावांच्या इतकी जवळ, पाठ टेकून बसली होती. बाबागाडीतलं पोर मात्र भिंतीकडे तोंड करून होतं आणि निळ्या अक्षरांकडे टक लावून बघत होतं.

अंक तपासायचे राहिले.

११ ऑगस्ट, रविवार

आमच्या गावी भैरोबाच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. लहानपणी त्यांच्यावर बसून बोरं खायचो. खालच्या चौकटीत लढाईत पडलेला माणूस आणि गाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई आहे.

प्रस्तावनेत ही तुलना करायची होती. बाबांशी बोलताना फरक ध्यानात आला. आमच्या गावच्या दगडांवर नाव नाही. माणूस दिसतो, त्याच्या गाई दिसतात, तो कसा मेला ते दिसतं, पण तो कोण ते कुणालाच ठाऊक नाही. शेंदूर लावून लावून तो देवच झाला. इथं उलटं आहे. चित्र नाही, स्वर्ग नाही. नाव, धंदा, वय, गल्ली, तारीख. एडमंड एमरी यांच्या पाटीवर तर घराचा क्रमांकही आहे : २७२, किंग्ज रोड, चेल्सी. “पत्र टाकलं तर पोचेल,” बाबा म्हणाले. टपालवाल्याकडून याहून मोठी दाद नाही.

जॉन क्रॅनमर केंब्रिज, वय २३, काउंटी कौन्सिलमधले कारकून, १९०१ मध्ये ऑस्टेंडजवळच्या समुद्रात बुडाले. कुणाला वाचवताना? पाटी म्हणते, जो अनोळखी होता आणि परदेशी होता अशा एकाला. कितीतरी पाट्यांत भाऊ, बहीण, जोडीदार, सोबती. इथं मुद्दाम सांगितलंय की त्यांचं काही नातं नव्हतं. चौदा वर्षं मी या शहरात परदेशी आहे. ‘अनोळखी आणि परक्या मुलखातल्या माणसाला’ असं लिहिलं आणि त्या दिवशी पुढं काम केलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

शेवटी ठेवलेली पाटी या आठवड्यात केली. सॉलोमन गॅलमन, वय ११. कमर्शियल स्ट्रीटवर धाकट्या भावाला गाडीखाली येण्यापासून वाचवलं. ६ सप्टेंबर १९०१ ला जखमांनी गेला. त्याच्या पाटीवर त्याचे शब्द आहेत : ‘आई, मी त्याला वाचवलं, पण मला स्वतःला वाचवता आलं नाही.’

बाबांनी वाचलं आणि पेन मागितलं. ‘वाचवलं’च्या पुढे ‘गं’ घातलं.

मी म्हटलं, मुळात नाही ते. पदरचं घालायचं नाही असं आपलं ठरलंय. बाबा म्हणाले, मुळात कसं असेल, त्यांच्या भाषेत ते अक्षरच नाही. “पण अकरा वर्षांचं पोरगं आईला सांगताना ‘गं’ म्हणणार नाही होय?”

दोन दिवस वाद घातला. मी माझी शिस्त सांगत राहिले आणि ते काही बोलले नाहीत, फक्त मसुदा पुढ्यात आला की ते दोन्ही वाक्यं एकामागोमाग मोठ्याने वाचायचे. शेवटी ठेवलं. ‘आई, मी त्याला वाचवलं गं, पण मला स्वतःला वाचवता आलं नाही.’

छपाईचा नमुना आला तो पार बिघडलेला. दुकानातल्या मशीननं ‘ऱ्या’ची दोन तुकड्यांत फाळणी केली होती, ‘बिगाऱ्याची’ वाचताच येईना. सगळी पानं चित्र म्हणून जतन करून परत पाठवली.

१ सप्टेंबर, रविवार

पडवीत वाचन. सतरा जण आले, त्यांतले नऊ पाहुणे आई-बाबा. क्रम असा ठेवला की ज्याची पाटी वाचायची तिच्यासमोर उभं राहून वाचायची. पहिली ॲलिस यांची. शेवटची ली पिट यांची, २००९ मध्ये लागलेली. थेम्समीडच्या कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवून ते २००७ मध्ये गेले. त्यांच्याआधीची पाटी १९३१ ची. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं भिंत तशीच होती.

नांदेडच्या एक काकू ईस्ट हॅमच्या चौघांच्या पाटीपाशी थांबल्या. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग पुस्तिका मागून घेतली आणि तेवढ्या पानाचा कोपरा दुमडला.

सॉलोमनची पाटी बाबांनी वाचली. ‘गं’पाशी त्यांचा आवाज अडकला, मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

२९ सप्टेंबर, रविवार

बाबा साताऱ्याला पोचून आठवडा झाला. एक प्रत सोबत नेली होती, एक मी त्यांच्याच आग्रहाखातर टपालानं पाठवली. ती काल पोचली. आज फोन : “पान एकोणीस. मेरी रॉजर्सबाई. तू १८९८ छापलंयस.”

फोटो काढून बघितला. पाटीवर ३० मार्च १८९९. जुलैत पावसामुळे तपासायची राहिली होती तीच.

चाळीस प्रती माझ्याकडे आहेत. आज रात्री बसून सगळ्यांत पेननं आठाचा नऊ केला. वाटलेल्या सतरा प्रतींच्या घरांना फोन करते आहे, बारा झाले.